एक वाट वर्षभर धर

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. साताऱ्यात खोली मिळाली, कॉलेज सुरू झालं, सकाळचा सराव चालू आहे, हे वाचून फार बरं वाटलं. ट्रॅकवर चकरा मारून कंटाळलीस, आता डोंगरात पळायचंय, म्हणून दर रविवारी एक नवी वाट होईल अशी यादी पाठवा म्हणतेस. यादी मी पाठवत नाही. एकच वाट सांगते, आणि ती वर्षभर सोडू नकोस एवढा हट्ट धरते.

समर्थ मंदिरापासून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, वर देवळापाशी दम घ्यायचा आणि कासच्या रस्त्याला लागायचं. घाट संपला की डोंगराचा माथा लागतो. तिथून रस्ता छोटे छोटे चढउतार घेत पश्चिमेला जातो. उजव्या हाताला कण्हेर धरणाचं पाणी, डाव्या हाताला उरमोडीचं, मागे वळलं तर अजिंक्यतारा. मध्येच झाडी दाट होते, मध्येच माळ उघडा पडतो, आणि मुरमाच्या वाटा फुटून खालच्या वाड्यांकडे उतरतात. २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून जाते. २१ किलोमीटरमध्ये जाताना चढ आणि येताना उतार अशी तिची रचना. मोठमोठ्या शहरांतून माणसं या वाटेवर पळायला येतात, आणि तुला ती खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली आहे.

एकच वाट का, तर डोंगरात किलोमीटर फसवतात. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली डोंगर चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला. सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास जोडा. म्हणजे १०० मीटर चढ हा सपाटीवरच्या सुमारे ८०० मीटरइतका वेळ खातो. ठोकताळा चालण्याचा आहे, पण पळणाऱ्यालाही अंदाज देतो. सातारा शहरापासून कासच्या पठारापर्यंत साडेचारशे-पाचशे मीटर चढ आहे. त्याचेच चार किलोमीटर वाढले असं समज. दर आठवड्याला नवी वाट धरलीस तर आजचा वेळ मागच्या वेळेशी ताडायचा कसा? तोच घाट, तेच वळण असलं की शरीर खरं बोलतं. ज्या वळणावर आषाढात तोंडातून शब्द फुटत नव्हता, तिथे मार्गशीर्षात बरोबरच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं तर तू सुधारलीस. घड्याळापेक्षा माझा या खुणेवर जास्त विश्वास आहे.

चढाला पावलं आखूड ठेव, नजर चार-पाच पावलांपुढे. फार खडा चढ आला की खुशाल चाल, भलेभले चालतात. खरं शिकायचं असतं ते उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणून त्या दिवशी काही वाटत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय थरथरतात. असा उतार एकदा पचवला की पुढचे काही आठवडे तेवढाच उतार पुष्कळ कमी दुखवतो. पण त्यात मोठा खंड पडता कामा नये. अंग मागे टाकून टाचेने ब्रेक मारत उतरू नकोस. पावलं लहान आणि भराभर, गुडघा किंचित वाकलेला, हात थोडे बाहेर. सुरुवातीला अर्धाच घाट पळत उतर, उरलेला चाल.

घाटात उजव्या कडेने पळायचं, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. उजवीकडचं वळण आंधळं असेल तर आधीच मागेपुढे बघून बाहेरच्या अंगाला जा. कानात काहीही घालायचं नाही, या बाबतीत मी सवलत देत नाही. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की दहा पावलांवरची गाडी दिसण्याआधी ऐकू येते. जोराचा पाऊस लागून राहिला की दरडीही येतात. त्या दिवसांत घाट सोडून शहरातच पळ. फुलांच्या हंगामात, साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, शनिवार-रविवारी कासच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागते. तेव्हा तुझा लांबचा दिवस बुधवारी घे.

पठारावर मात्र पाय ठेवायचा नाही. पश्चिम घाटाबरोबर कासलाही २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि ते सगळं वैभव जांभ्याच्या कातळावरच्या बोटभर मातीवर उभं आहे. पावलं पडत राहिली तर माती दबते, पाणी धरत नाही, पुढे तिथे उगवणं कमी होत जातं. रस्त्यावरून पळ, डोळे भरून बघ.

पायांना डांबरी रस्त्याची सवय झाली की मातीच्या वाटा घे. त्या शोधायला मोबाइलवरचा नकाशा अपुरा पडतो. भूमी अभिलेखाचा गावनकाशा बघ: गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात, पायमार्ग एका तुटक रेषेने. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा असतात. त्या जिथे दाटीवाटीने येतात तिथे चढ खडा. संध्याकाळी एकदा बोट फिरवून वाट वाचलीस की सकाळी ती ओळखीची वाटते. आणि नकाशावर वाट असली तरी आज ती कुणाच्या शेताला लागून आहे हे विचारूनच जा. बांधावरून पळू नकोस, बांध ढासळला तर खाचरातलं पाणी फुटतं. पाणंदीतून जा, ती सगळ्यांची असते.

पाणंद म्हणजे काय चीज आहे हे मृगाच्या पहिल्या पावसानंतर कळेल. दोन्ही अंगांना करवंदाच्या जाळ्या आणि घायपात, मधोमध गवताचा उंचवटा, दोन बाजूंना चाकोऱ्या. चाकोरीत पाणी साठलेलं असतं आणि त्याच्या तळाशी काय आहे ते दिसत नाही. पाय नेहमी मधल्या गवताच्या कडेला टाक. मुरूम असेल तर पहिला पाऊस उपकारच करतो, जमीन दबते, धूळ बसते. काळी माती असेल तर परत फीर. शंभर पावलांत प्रत्येक बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि घोटा वळतो. श्रावणापर्यंत जांभ्यावर शेवाळ धरतं, त्यावर कुठलाही बूट टिकत नाही. तेच दगड हिवाळ्यात इतके खरखरीत होतात की डोळे मिटून पाय टाकावा. ही जाण वर्षभर एकाच वाटेवर असलेल्यालाच येते.

फाल्गुनापासून गवत वाळतं आणि वणवे लागतात. आग चढाच्या दिशेने वेगाने धावते, तेव्हा धूर दिसला तर वर पळायचं नाही. बाजूला होऊन रस्ता गाठायचा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. वळवाचे ढग दुपारनंतर जमतात. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. माथ्यावर तेव्हा थांबू नये, एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही. साप चावला तर पळू नये, चावलेला भाग हलवू नये, कापू नये, आवळून बांधू नये. १०८ ला फोन करायचा. कासच्या पुढे बामणोलीकडे जंगल दाट होतं, तिथे गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबट्याही आहे. त्या बाजूला एकटीने जायचं नाही आणि उजाडल्याशिवाय कुठेच निघायचं नाही.

तू मुलगी आहेस म्हणून घरचे काळजी करतात असं लिहिलंस. काळजी खरी आहे, तिला उत्तरही याच वाटेवर आहे. चार सकाळी त्याच वेळी गेलीस की दूधवाला ओळखतो. महिन्याभरात देवळापाशी फुलं विकणारी बाई विचारते, काल का आली नाहीस. गुराख्याची कुत्री आधी अंगावर येतात. तू पळायची थांबलीस, सावकाश चाललीस, त्याला हाक मारलीस की मागे सरतात, आणि पुढे तुझा वास ओळखू लागतात. रोज नवी वाट धरणाऱ्या मुलीला हे संरक्षण मिळत नाही. तरीही निघताना मैत्रिणीला सांगून जा, कुठून कुठे आणि किती वाजता परत.

आणि आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या माणसांकडे बघ. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, दहावी आली. त्याआधी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला म्हणजे १९८४ ची पी. टी. उषा. प्राथमिक फेरीतला ललिताचा ९:१९.७६ हा वेळ राष्ट्रीय विक्रम ठरला होता. दुष्काळी माणमधली, शेतकऱ्याच्या घरची मुलगी. तुला तिच्याएवढं धावायचं आहे की नुसतं आनंदासाठी, ते तुझं तू ठरव. मला दोन्ही सारखेच प्रिय आहेत.

बूट नवे घेण्याची घाई करू नकोस, तळव्याला खाचा असलेला साधा जोड मातीला पुरेल. पाण्याची बाटली मात्र लहान का होईना, जवळ ठेव. माथ्यावर उन्हाळ्यात झरे आटतात.

येत्या रविवारी मी साताऱ्याला येते आहे. उजाडलं की समर्थ मंदिरापाशी ये. त्या दिवशी आपण पळणार नाही, चालत वर जाऊ. कुठे पाणी मिळतं, कुठे मोबाइलला रेंज नसते, कुठली वळणं आंधळी आहेत, ते एकदा नीट बघून घेऊ. वही आण.

तुझी,
बाई