लेकीचं पोक, छातीतली गाठ आणि आपलं बोलणं

तुमची लेक साडेअकरा वर्षांची आहे. डाव्या निप्पलखाली तिला बटणासारखी कडक, दुखरी गाठ लागली, उजवीकडे काहीच नाही. चार दिवस ती गप्प राहिली आणि मग रडत रडत ‘मला कॅन्सर झालाय का’ असं तिने विचारलं. हल्ली ती पोक काढून चालते, पोहायला जायचं टाळते, धाकटा भाऊ चिडवतो. डॉक्टरकडे न्यायचं का, आणि तिच्याशी बोलायचं तरी कसं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण एका नर्स मैत्रिणीबरोबर बरीच वर्षं शाळकरी मुलींशी याच विषयावर बोलत आलेय, आणि ही बटणासारखी गाठ जवळजवळ प्रत्येक वर्गात निघते.

वर्णनावरून ही वाढीची सुरुवात दिसते. मुलगी वयात येतेय याची पहिली खूण बहुतेकींमध्ये हीच असते, पाळी नव्हे. वय ८ ते १३ च्या दरम्यान केव्हाही ती दिसते. अनेकदा एकाच बाजूला आधी येते, दुसरी बाजू काही महिन्यांनी मागून येते. धक्का लागला की चांगलंच दुखतं, पालथं झोपवत नाही. या वयात स्तनाचा कर्करोग इतका दुर्मिळ आहे की तिच्या प्रश्नाला ‘नाही गं, तू मोठी व्हायला लागलीस’ हे उत्तर छातीठोकपणे देता येतं. तिथला भाग लाल, गरम झाला, ताप आला, निप्पलमधून रक्त किंवा पू आला, किंवा गाठ भराभर वाढू लागली तर मात्र लगेच दाखवा. आठ वर्षांच्या आधीच वाढ सुरू झाली किंवा तेरा पूर्ण होऊनही काहीच दिसलं नाही, तरीही दाखवायचं. नुसत्या शंकेसाठी बालरोगतज्ज्ञांकडे गेलात तरी काही बिघडत नाही. फक्त कुणी घाईने ‘काढून टाकू’ म्हटलं तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पुढचा सगळा स्तन याच छोट्या कळीतून वाढतो. ती काढली किंवा तिला इजा झाली तर त्या बाजूची वाढ कायमची खुंटू शकते.

पाळी साधारण यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते, मागेपुढे होतं. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे.

आता बोलायचं कसं, ते. मला वाटतं तिथे आपल्याला अडवतो तो शब्द. ‘छाती’ म्हटलं तर ती पैलवानालाही असते. ‘स्तन’ हा शब्द आपण दोनच ठिकाणी ऐकतो, स्तनपानाच्या पोस्टरवर आणि कर्करोगाच्या बातमीत. या दोन टोकांच्या मधल्या आयुष्यासाठी आपल्या तोंडात शब्दच नाही, मग ‘ते’, ‘वरचं’, ‘तिथे’ असं चालतं. ज्या मुलीने हा शब्द फक्त कॅन्सरला जोडून ऐकलाय, तिला गाठ लागल्यावर दुसरं काय आठवणार? म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा: घरात हा शब्द कोपर, गुडघा म्हणतो त्याच सुरात म्हणायला लागा. स्तन, निप्पल, ब्रा. ‘ब्रेस्ट’ सोपं वाटत असेल तर तेही चालेल. पहिल्या दोन-तीन वेळा तुमचाच आवाज बारीक होईल, तिचाही चेहरा लाल होईल. होऊ द्या.

हे मी एवढ्या ठासून सांगतेय कारण माझी स्वतःची फजिती आहे. अडतिसाव्या वर्षी आंघोळ करताना हाताला गाठ लागली आणि मी पाच महिने कुणाजवळ बोलले नाही. भीती होतीच, पण लाज त्याहून मोठी. शेवटी गेले, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न: ‘ही गाठ नवीन आहे की आधीपासून आहे?’ मला सांगताच येईना. बाराव्या वर्षापासून मी आरशाकडे पाठ करून कपडे बदलत आले होते. स्वतःचे स्तन मला आवडत नसत, म्हणून मी ते कधी धड पाहिलेच नव्हते. सोनोग्राफीत पाण्याची गाठ निघाली, सुईने पाणी काढलं, प्रकरण मिटलं. पण ते पाच महिने दुसऱ्या कुठल्या गाठीला मिळाले असते तर?

हे माझ्या एकटीचं खूळ नव्हतं, हे पुढे कळलं. २०२० साली ४० देशांतल्या १८,५४१ बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःच्या स्तनांच्या आकारावर खूश असलेल्या जेमतेम २९ टक्के. जवळपास ४८ टक्क्यांना ते मोठे हवे होते, २३ टक्क्यांना लहान. आणि ज्या जास्त नाखूश, त्या स्वतःची तपासणी कमी करत होत्या. काही बदल झाला तर तो आपल्याला ओळखता येईल, हा विश्वासही त्यांना कमी होता. तेव्हा तुमच्या लेकीचं पोक हा एक प्रश्न आणि गाठ हा दुसरा, असं मी धरत नाही. पोक काढणारी मुलगी आज जे लपवायला शिकतेय, तेच ती चाळिशीत डॉक्टरांपासून लपवेल.

म्हणून या वयात तिला कॅन्सरचे धडे देऊ नका. ‘तुझं नेहमीचं काय’ ते तिला ओळखू द्या. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कधीच होत नाहीत, मोठ्या बायकांच्याही नसतात. निप्पलभोवतीच्या गडद भागावर बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात, त्या तेलग्रंथी. त्या फोडायच्या नसतात. तिथे एखादा केसही येतो. भराभर वाढताना कातडीवर ताणाच्या रेषा पडतात, पुढे फिक्या होतात. काहींचे निप्पल पहिल्यापासूनच आत वळलेले असतात, तेही चालतं. पाळी सुरू झाल्यावर तिच्या आधीच्या आठवड्यात स्तन जड, गाठीगाठींचे लागतात, दुखतात आणि मग मोकळे होतात. हे एकदा माहीत झालं की दर महिन्याला घाबरायचं कारण उरत नाही. आणि व्यायामाने, मालिशने, क्रीमने स्तन वाढतात असं तिला कुणीतरी सांगणारच आहे. स्तनात स्नायू नसतो. तो असतो मागे, बरगड्यांवर. व्यायामाने तो वाढेल, स्तन नाही.

पोहण्याबद्दल. ब्रिटनमध्ये ११ ते १८ वयाच्या २,०८९ शाळकरी मुलींना विचारलं, तेव्हा ४६ टक्के म्हणाल्या की स्तनांमुळे आमच्या खेळण्यावर परिणाम होतो, आणि ८७ टक्क्यांना या विषयावर आणखी माहिती हवी होती. तुमची लेक त्यांच्यातलीच एक. तिला नीट बसणारी खेळाची ब्रा आणि थोडं जाड कापड असलेला पोहण्याचा पोशाख द्या, निवडू मात्र तिलाच द्या. ब्राचा आधार खांद्याच्या पट्ट्यांतून येत नाही, खालच्या पट्ट्यातून येतो. तो पाठीवर वर सरकत असेल तर सैल आहे, श्वास घेताना टोचत असेल तर घट्ट. ब्राच्या ‘३४ बी’ अशा मापात ३४ हा आकडा त्या पट्ट्याचा, पुढचं अक्षर त्या तुलनेत किती उभार आहे याचं. म्हणून ३४ बी आणि ३८ बी यांचा कप एकसारखा नसतो. वाढीच्या वर्षांत दर काही महिन्यांनी मापं घ्या. सध्या तिला ब्रा नको असेल तर आग्रह करू नका. तारेच्या ब्राने कॅन्सर होतो हा गैरसमज आहे, तोही तिच्या कानावर येईल.

तिने पोक काढलं की ‘सरळ चाल’ म्हणू नका. मीही म्हणून पाहिलंय, खांदे आणखी पुढे येतात. त्यापेक्षा तिच्यासमोर तुम्ही स्वतःच्या अंगाबद्दल काय बोलता ते आठवडाभर ऐका. ‘माझं तर सगळंच ओघळलंय’ हे आपण हसत हसत म्हणतो, ती ते ऐकते.

तुमच्याबद्दलही एक सांगते. दर महिन्याला ठरावीक पद्धतीने तपासायचंच, असं पूर्वी सांगत. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार बायकांवरच्या मोठ्या अभ्यासाचा २००२ साली निकाल आला. तसं शिकवलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासण्या, वाढल्या. तेव्हापासून अनेक ठिकाणी भर आहे तो स्वतःचं अंग ओळखून असण्यावर, तारीख लावण्यावर नाही. नवी गाठ, काखेतली गाठ, कातडीला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी होणं, बाहेर असलेलं निप्पल आत ओढलं जाणं, आपोआप रक्ताळ स्राव, निप्पलवर न बरी होणारी खपली: यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका, दुखत नसलं तरीही. आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी कुणाला कमी वयात हा आजार झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. चाळिशी गाठली असेल तर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, केव्हापासून करायची तेही विचारा.

राहिला धाकटा भाऊ. त्याला रागावू नका, माहिती द्या. वयात येताना जवळपास निम्म्या मुलांनाही निप्पलखाली अशीच दुखरी गाठ येते आणि बहुतेकांची दोनेक वर्षांत आपोआप जाते. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा, बहिणीसमोर नको, एकट्याला. त्याच्यावर वेळ आली तर निदान चार दिवस गप्प बसून राहणार नाही.