पुळणीवरची पहाट आणि बारावीचे वर्ष

दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून जीवशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय तिने ठेवले आहेत. गेली दोन वर्षे ती गावातील निसर्ग संवर्धन संस्थेच्या स्वयंसेवकांबरोबर सागरी कासवांच्या विणीच्या हंगामात पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पहाटेच्या गस्तीला जाते. यंदा सहामाही परीक्षेत तिचे गुण घसरले. वर्गशिक्षकांनी ‘हे आता बंद करा’ असे सांगितले, आणि मुलगी मात्र पर्यावरणाच्याच क्षेत्रात जाणार म्हणून ठाम आहे. वडील विचारतात : तिचे जाणे थांबवावे का, या कामाच्या प्रमाणपत्राला पुढे काही किंमत असते का, आणि या क्षेत्रात पोट भरते का?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मी दोनदा वाचले. त्यात मुलीविषयी तक्रार कमी आणि काळजी अधिक आहे, म्हणून उत्तरही तितक्याच मोकळेपणाने देतो. तिचे पुळणीवर जाणे पूर्णपणे थांबवू नये, परंतु या वर्षापुरते त्याचे वेळापत्रक बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण खरी आहे आणि ती आपल्या किनाऱ्याच्या निसर्गातच आहे. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या कोकणात साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात, आणि अंड्यांतून पिल्ले बाहेर पडण्यास पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. म्हणजे पिल्ले निघण्याचा भर नेमका बारावीच्या परीक्षेच्या आणि त्यानंतरच्या सीईटीच्या काळात येतो. हे वर्गशिक्षकांच्या लक्षात आले असेल, तर त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तेव्हा डिसेंबरअखेरपर्यंत आठवड्यातून एक पहाट, बहुधा रविवारची, आणि जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत गस्त बंद, असे घरात बसून ठरवावे. मात्र ते तिच्या तोंडून ठरू द्यावे आणि संस्थेच्या प्रमुखांनाही तिनेच कळवावे. स्वयंसेवकाने आपण केव्हा येऊ शकणार नाही हे आधी सांगणे, हाही त्या कामाचाच भाग आहे, आणि चांगली संस्था अशा वेळी मुलांना रागावत नाही, उलट परीक्षा देऊन ये म्हणते.

आता ती तिथे काय शिकते, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पत्रात आपण त्या कामाला ‘समाजसेवा’ म्हटले आहे आणि मला तो शब्द अपुरा वाटतो. सूर्योदयापूर्वी भरतीच्या रेषेच्या वर मादीचा माग शोधायचा, येतानाचा कोणता आणि परतीचा कोणता हे ओळखायचे, काठीने वाळू हलकेच चाचपून घरटे नेमके कुठे आहे ते पाहायचे, मग कोपरापर्यंत हात घालून शंभर-सव्वाशे अंडी एकेक करून बाहेर काढायची आणि मोजायची. अंडी घातल्यानंतर काही तासांतच ती हलवावी लागतात, कारण त्यानंतर वाढू लागलेला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूस चिकटतो आणि अंडे उलटेसुलटे झाले तर मरतो. कुंपणाच्या आतल्या हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबवण्याच्या जागेत, मूळ घरट्याइतक्याच खोलीचा, सुरईच्या आकाराचा खड्डा करून ती पुन्हा ठेवायची, पाटी लावायची, आणि दिवस भरत आले की वर बांबूची टोपली उपडी घालायची. यातील प्रत्येक कृतीमागे जीवशास्त्राचा एखादा धडा आहे. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात आणि थंड राहिली तर नर अधिक, ही एकच गोष्ट ज्या मुलीने हातात तापमापक घेऊन अनुभवली असेल, तिला पुस्तकातले लिंगनिश्चितीचे प्रकरण पाठ करावे लागणार नाही.

आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातील वेळास आपल्याला ठाऊक असेलच. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 साली तिथे कासवांची घरटी वाचवण्याचे काम हाती घेतले, तेव्हा अंडी उकरून नेणे ही किनाऱ्यावरची नित्याची गोष्ट होती. 2006 पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला, गावकऱ्यांनी पाहुण्यांची घरगुती राहण्या-जेवण्याची सोय सुरू केली, आणि ज्या गावात अंडी चोरीला जात होती त्याच गावात कासवमित्र तयार झाले. पुढे जानेवारी 2021 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील पहिल्या ऑलिव्ह रिडले मादीला उपग्रह टॅग, म्हणजे तिचा समुद्रातला प्रवास उपग्रहाद्वारे कळवणारे छोटे यंत्र, लावला गेला, तो वेळासलाच. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले होते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आणि वन विभाग यांचा तो प्रकल्प होता. परंतु मादी कोणत्या पुळणीवर आणि केव्हा येते हे सांगायला बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञाला गावातल्याच माणसाकडे जावे लागते, आणि आपली मुलगी आज त्या माणसांच्या हाताखाली शिकते आहे.

प्रमाणपत्राविषयी मात्र मला कडक बोलावे लागेल. नुसत्या प्रमाणपत्राला फारशी किंमत नसते. काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे सहा प्रमाणपत्रे घेऊन आला होता. आपण किती घरटी पाहिली आणि त्यांतल्या किती अंड्यांतून पिल्ले निघाली, एवढे विचारल्यावर तो गप्प झाला. मुलगा खोटा नव्हता, हंगामभर राबला होता, पण त्याने काहीच लिहून ठेवले नव्हते आणि संस्थेतही त्याला कोणी ‘लिही’ म्हटले नव्हते. याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून आपल्या मुलीने एक वही घालावी : तारीख, वेळ, भरती-ओहोटी, घरट्याची जागा, अंड्यांची संख्या, पिल्ले निघाल्याचा दिवस, निघालेली पिल्ले, न उबलेली अंडी, आणि सोबत कोण होते. कोल्ह्याने किंवा कुत्र्यांनी घरटे उकरले असेल तर तेही लिहावे, अपयशाच्या नोंदी तर आवर्जून लिहाव्यात. सलग तीन हंगामांची अशी वही पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत समोर ठेवली तर समोरची व्यक्ती पाने उलटून प्रश्न विचारू लागते, आणि मग ती मुलाखत राहत नाही, कामाविषयीचे बोलणे होते.

संस्थेकडेही आपण काही गोष्टींची चौकशी करावी, तो पालकांचा हक्क आहे. सागरी कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, स्थान आहे, त्यामुळे अंड्यांना हात लावण्याचे काम वन विभागाच्या परवानगीनेच आणि देखरेखीखालीच व्हायला हवे. अंधारात मुली कोणाबरोबर जातात, गस्त दोघा-तिघांची असते का, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे थेट विचारावे. जी संस्था तरुण मुलांकडून केवळ अंगमेहनत आणि महोत्सवातली गर्दी आवरण्याचे काम करून घेते आणि नोंदी, ओळख, शिकवणे यांत त्यांना वाटा देत नाही, ती त्यांना आधार देत नाही, त्यांचा उत्साह वापरते. आपल्या पत्रावरून आपली संस्था तशी वाटत नाही. तिथले कार्यकर्ते मुलीला दुर्बीण घरी नेऊ देतात आणि पक्ष्यांच्या नोंदी तपासून देतात असे आपण लिहिले आहे, आणि हीच खूण मला सर्वांत मोलाची वाटते.

पुढच्या शिक्षणाविषयी : बारावीनंतर लगेच ‘पर्यावरण’ नाव असलेला अभ्यासक्रम शोधण्याची घाई करू नये. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रातील बीएस्सी, किंवा दापोलीच्याच कोकण कृषी विद्यापीठातील वनशास्त्राची चार वर्षांची पदवी, यांनी पाया पक्का होतो आणि दारेही अधिक उघडी राहतात. समुद्राकडेच ओढा असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. गणित तिने ठेवले आहे याचा मला फार आनंद झाला, कारण या क्षेत्रात पुढे संख्याशास्त्र आणि नकाशांचे संगणकीय काम यांवाचून चालत नाही, आणि निसर्गावर प्रेम करणारी पुष्कळ मुले नेमकी तिथे अडखळतात. पदवीनंतर डेहराडूनची वन्यजीव संस्था, बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, पुण्यात गरवारे महाविद्यालयातील जैवविविधता विषयाची एमएस्सी किंवा भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था, असे मार्ग आहेत.

पोट भरते का, याचे उत्तर मी गोड करून सांगणार नाही. संशोधन प्रकल्पांतील आणि संस्थांमधील नोकऱ्या बहुधा कराराच्या असतात, एक-दोन वर्षांनी नवा प्रकल्प शोधावा लागतो आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो. ज्यांना स्थैर्य हवे त्यांच्यासाठी राज्य लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा आहे, विज्ञानाच्या पदवीनंतर ती देता येते. केंद्राची भारतीय वनसेवाही आहे. याखेरीज अध्यापन आहे आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा निसर्गावर काय परिणाम होईल हे तपासण्याचे, काम आहे. जैवविविधता कायदा, 2002 मुळे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे तिथल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या स्थानिक ज्ञानाची नोंद, करावी लागते; ती नीट करणारी, गावची भाषा आणि शास्त्राची भाषा दोन्ही जाणणारी माणसे फार थोडी आहेत. आपल्या मुलीसारख्या मुलीला मला तिथे पाहायला आवडेल. तरीही पदवी संपेपर्यंत वनसेवेच्या परीक्षेची तयारी हा दुसरा रस्ता तिने चालू ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

आणखी एक विनंती. गेल्या हंगामात तिने कुठे काही टिपून ठेवले असेल, शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर का होईना, तर त्या पानांची झेरॉक्स मला पाठवावी. नोंदींचा तक्ता कसा आखावा हे मी तिला त्याच पानांवर खुणा करून कळवीन, म्हणजे परीक्षा आटोपून ती पुन्हा पुळणीवर जाईल तेव्हा हॅचरीत शिल्लक असलेल्या घरट्यांपासून तिला सुरुवात करता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक