निवाऱ्याची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

नदीकाठच्या आपल्या वस्तीत समिती नेमली, पूररेषेचा नकाशा झाला, भोंगा बसला आणि शाळेची इमारत निवारा म्हणून वापरण्याचे पत्रही मिळाले. आता तयारी पूर्ण समजावी का, असे आपण विचारले आहे. नेमक्या याच टप्प्यावर आम्ही निर्धास्त झालो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या निवाऱ्याची एकुलती एक किल्ली संबंधित कार्यालयात असे. दुसरी वस्तीत ठेवू द्यावी म्हणून आम्ही दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा "आपत्ती जाहीर झाल्यावर दिली जाईल" एवढेच उत्तर मिळाले. आम्ही ते मुकाट्याने मान्य केले, याचे शल्य मला आजही आहे. रंगीत तालमी तीन झाल्या, पण तिन्ही भर दिवसा, आणि दर वेळी कर्मचारी आधीच येऊन दार उघडून ठेवत असे. त्यामुळे कुलूप लागलेले असेल तर काय, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. पाणी आले रात्री 2 वाजता. भोंगा ऐकून माणसे वेळेत निघाली आणि म्हाताऱ्यांना पाठुंगळीला घेऊन, कुलूप लावलेल्या लोखंडी जाळीपुढे सव्वा तास पावसात उभी राहिली. शेवटी पहारीने कुलूप तोडले, पण तोवर काही जण वाहत्या पाण्यातून घरी परतले होते. वेगाने वाहणारे 15 सेंटीमीटर पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडू शकते, हे ध्यानात घ्या. त्या रात्री सगळे वाचले. मात्र पुढच्या पावसाळ्यात भोंगा वाजला तेव्हा निम्मी घरे हललीच नाहीत. आमचे खरे नुकसान हे झाले.

1970 च्या भोला चक्रीवादळात किमान 3 लाख माणसे गेली असा अंदाज आहे. त्यानंतर बांगलादेशाने 1972 पासून गावोगावी स्वयंसेवक उभे केले, जे ध्वनिक्षेपक घेऊन दारोदार इशारा पोहोचवतात आणि लोकांना निवाऱ्यापर्यंत नेतात. तिथेही स्त्रियांसाठी वेगळी सोय नाही किंवा गुरांना जागा नाही म्हणून लोक निवाऱ्यात जायला कचरत, असे आढळले. म्हणून माझे स्पष्ट मत असे की भोंग्यापेक्षा दार, शौचालय आणि गोठा यांवर आधी खर्च करावा.

मी अभियंता नाही, आणि माझा अनुभव संथपणे चढणाऱ्या पुराचा आहे. भूकंपात असा अवधीच मिळत नसल्याने तिथे इमारतीची मजबुती पाहावी लागते. तालीम मात्र एकदा तरी रात्री, वीज बंद करून आणि कार्यालयाला आधी दार उघडू न देता घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरापासून निवाऱ्याच्या आतपर्यंत किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून मोजा. किल्ल्या दोन वेगवेगळ्या घरी ठेवा, त्यातले एक पूररेषेच्या वर असू द्या. कार्यालयाने नकार दिला तर तो लेखी मागा, आणि आपल्या अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.