कोब्यातली ऊब आणि मोबाइलमधले बटण

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहतात. घर बांधताना त्यांनी तळमजल्याच्या फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकून घेतले आहेत. गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता तिकडे होतो. एका संध्याकाळी पाय गार पडले म्हणून मी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा २० वरून २७ वर नेला. दोन तास काहीच फरक जाणवला नाही. रात्री अकराला मात्र खिडक्या उघडाव्या लागल्या आणि मुलीची बोलणी खावी लागली ती वेगळीच. आता जावई प्रत्येक खोलीत मोबाइलवरून चालणारे स्मार्ट थर्मोस्टॅट बसवू म्हणतात, तर मुलीला साधे गोल बटण पुरेसे वाटते. आपले मत काय?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)

उत्तर : मी मुलीच्या बाजूने आहे, पण पूर्णपणे नाही.

आधी त्या संध्याकाळी नेमके काय झाले ते पाहू. तिकडे हे पाइप बहुधा ६५ ते ७५ मिलिमीटर जाडीच्या कोब्यात गाडलेले असतात. बारा बाय चौदा फुटांच्या खोलीत हा कोबा दोन टनांहून अधिक भरतो. तो केवळ एका अंशाने तापवायला साधारण अर्धा युनिट ऊर्जा लागते, म्हणजे आपल्याकडचा १५ लिटरचा गीझर एकदा आंघोळीपुरता तापवायला लागते तेवढीच. गीझर पंधरा-वीस मिनिटांत तयार होतो, कारण त्याची सगळी शक्ती तेवढ्या पाण्यावरच खर्च होते. कोब्याला मात्र तापायला काही तास आणि निवायलाही तेवढेच तास लागतात. तुम्ही आकडा वाढवला म्हणून पाणी अधिक गरम झाले नाही, कारण तो आकडा फक्त कुठे थांबायचे ते सांगतो. नंतर कोणी तो खाली आणला तरी कोब्यात साठलेली उष्णता खोलीत येतच राहिली. हेच बटण ठाण्यात बसून मोबाइलवर दाबले असते तरी कोब्याने तेवढाच वेळ घेतला असता.

आता गार पायांविषयी. उत्तम उष्णतारोधक घरात खोली २० अंशांवर ठेवायला फरशी २३-२४ अंश असली तरी पुरते. तळपायाची त्वचा सहसा त्याहून गरम असल्यामुळे अशी फरशी पायाला कोमटसुद्धा लागत नाही आणि यंत्रणा बंद आहे असे वाटते. फरशी हवी तेवढी तापवताही येत नाही. युरोपीय मानकाप्रमाणे राहत्या खोल्यांत तिच्या पृष्ठभागाची मर्यादा २९ अंश आहे.

या पद्धतीत एक गुण मुळातच आहे. फरशी २४ आणि खोली २० अंश असताना दर चौरस मीटरला सुमारे ४० वॉट उष्णता मिळते. ऊन आले, पाहुणे जमले आणि खोली २२ वर गेली, की तीच उष्णता कुठल्याही यंत्राच्या मदतीविना निम्म्याच्या आसपास येते. म्हणून खरा पैसा आणि वेळ भिंतीवरच्या पडद्याऐवजी पाण्याच्या तापमानावर खर्च करावा. बाहेरच्या थंडीप्रमाणे पाणी ३५ ते ४५ अंशांदरम्यान आपोआप कमी-अधिक करणारी सोय बॉयलरमध्ये किंवा बाहेरची उष्णता खेचून पाणी तापवणाऱ्या हीट पंपात असेल, तर ती आधी चालू करून घ्यावी. शिवाय मॅनिफोल्डवर, म्हणजे गरम पाणी खोल्याखोल्यांच्या पाइपांत वाटणाऱ्या जोडणीवर, प्रत्येक खोलीच्या पाइपातला प्रवाह नीट बांधून घ्यावा. हे झाले की खोलीत साधा डिजिटल थर्मोस्टॅट, रात्री फार तर दोन अंशांची घट, इतके पुरते. प्रत्येक खोलीचा थर्मोस्टॅट आपापल्या पाइपातले पाणी वेगळे चालू-बंद करू लागला तर हीट पंपाला पुरेसे पाणी फिरवायला मिळत नाही आणि तो सारखा चालू-बंद होतो, हे जावयांच्या कानावर जरूर घालावे.

मग स्मार्ट थर्मोस्टॅट कुठे कामाला येतो? बाथरूममध्ये लादीच्या लगेच खाली विजेची जाळी असेल आणि तिच्याखाली उष्णतारोधक थर असेल, तर लादी अर्ध्या-पाऊण तासात तापते. तिथे वेळापत्रकाने खरोखर वीज वाचते. आठ-दहा दिवस घर बंद ठेवून गेलेल्यांना परतण्याच्या आदल्या दिवशी ऊब चालू करता येते, हाही फायदा खराच. खोली तापायला किती वेळ लागतो हे शिकून आधीच सुरुवात करणारा थर्मोस्टॅट असेल तर उत्तम, मात्र त्यात फरशीखालच्या यंत्रणेसाठी वेगळी पद्धत आहे ना, हे विचारून घ्यावे.

आयुष्याचाही हिशेब करायला हवा. कोब्यातले पाइप पन्नास वर्षांच्या हिशेबाने घातलेले असतात. गूगलने मात्र नेस्ट या आपल्या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या सुरुवातीच्या दोन पिढ्यांची मोबाइलवरची सोय २५ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. भिंतीवरून ते हाताने चालतात, पण ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच गेले. त्यामुळे इंटरनेट नसतानाही बटणाने चालणारे आणि नेहमीच्या वायरिंगवर बसणारे उपकरणच घ्यावे, म्हणजे पुढे ते बदलताना भिंत फोडावी लागणार नाही.

जाता जाता, बहुतेक डिजिटल थर्मोस्टॅटमध्ये कमाल आकडा बांधून ठेवण्याची सोय असते. पुढच्या हिवाळ्यात जावयांनी तो २२ वर बांधलेला आढळला तर राग मानू नये, आणि बॅगेत लोकरीचे मोजे ठेवावेत.