तळघरात संडास-बाथरूम काढायचंय, पण रस्त्यावरचं ड्रेनेज वर आहे. गवंडी म्हणतो कट्टा करून कमोड उचलला की झालं. पंप लागतोच का? खर्च किती येईल?

तुमचा गवंडी आणि आमचा दादा एकाच तालमीतले दिसतात. "दीड फुटाचा कट्टा घालू, वर कमोड बसवू, लाईन मिळतेय की! पंप कशाला?" हे मी २०१८ साली बेळगावच्या वडगावात आमच्याच घरात ऐकलंय. म्हणून लिहायला बसलो.

आमचं तळघर म्हणजे पूर्वीची मागाची खोली. रस्त्यापासून साडेचार फूट खाली. माग विकले, खोली रिकामी झाली, आणि कॉलेजची पोरं भाड्यानं ठेवायचं दादाच्या डोक्यात आलं. मी म्हटलं, खाली संडास करणार असशील तर पंप घाल, नाहीतर पोरांना वरचा संडास वापरू दे. माझं उद्यमबागेत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तेवढं धरून दादा आईसमोर, वहिनीसमोर म्हणाला, "तुला तुझा पंप खपवायचाय." मी जेवण अर्धं सोडून उठलो.

कट्टा झाला. खोटं कशाला बोलू, पाणी झकास जात होतं. गेटसमोरच्या चेंबरात लाईन रस्त्यापासून पाच फूट खाली, आमचा पाईप कट्ट्याखालून निघतो तो चार फूट खाली. मधलं अंतर तीस फूट, म्हणजे चाळीसाला एक उतार धरला तरी नऊ इंच पुरतात. गणित बरोबर. चौदा महिने दादा पाहुण्यांना खाली नेऊन फ्लश ओढून दाखवायचा आणि माझ्याकडे बघायचा.

२०१९ चा ऑगस्ट बेळगावच्या माणसाला सांगायला नको. ५ तारखेला नागपंचमी होती, बहीण माहेरी आलेली, तंबिटाचे लाडू झालेले, आणि पाऊस धरून ठेवल्यासारखा ओतत होता. दुसऱ्या दिवशी रात्री दोनला चंदगडच्या पोरानं दार बडवलं. "काका, संडास बोलायलाय."

खरंच बोलत होता. कमोडात बुडबुड, पाणी काठाला आलेलं. दादानं त्यावर पाट ठेवला आणि पाटावर तांदळाचं पोतं. मिनिटभर शांत. मग न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर आलं. उसळून नाही, दूध उतू जातं तसं, सावकाश. कट्टा भरला, कट्ट्यावरून खोलीत उतरलं. पोरांच्या ड्रॉइंगच्या शीटची गुंडाळी तरंगत दारापर्यंत आली. तेवढ्यात वरच्या मजल्यावर बहिणीच्या लेकीनं फ्लश ओढला आणि खाली आणखी दोन बोटं चढलं. मी जिन्यातून ओरडलो, कुणी नळ सोडू नका रे! पण बाकीचं पाणी आमचं नव्हतंच, अख्ख्या गल्लीचं होतं. त्याला कोण ओरडणार?

पाऊस उघडल्यावर मी गवंड्याची लेव्हलची नळी आणली. रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापासून खोलीपर्यंत धरली. कमोडचा काठ झाकणापेक्षा पावणेदोन फूट खाली, न्हाणीची जाळी तीन फूट खाली. सगळं उत्तर एवढ्यात आलं. गवंडी बघतो ती पाईपाची पातळी; कोरड्या दिवसांत ती पुरते. लाईन तुंबली की पाणी चेंबरात झाकणापर्यंत चढतं, आणि झाकणाच्या खाली जे पहिलं उघडं तोंड मिळेल तिथून बाहेर पडतं. तुमच्या घरातलं ते तोंड म्हणजे तळघरातली न्हाणी. कमोडवर पोतं ठेवा नाहीतर अख्खा दादा बसवा, काही फरक पडत नाही.

तेव्हा हो, पंप लागतो. आणि साधा पाणी उपसायचा नाही, मैलापाण्याचाच. कटरवाला मिळाला तर उत्तम. तळघरातलं मैलापाणी आधी एका खड्ड्यात जमवायचं, तिथून पंप ते वर फेकतो. त्या खड्ड्याला हवाबंद झाकण, त्यातून गॅसचा पाईप थेट गच्चीच्या वर. पंपाच्या पाईपला नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा, आणि तो पाईप आधी रस्त्यावरच्या झाकणाच्या पातळीहून वर चढवून मगच लाईनीत सोडायचा. हे वळण गाळलंत तर सगळी भिस्त त्या एका व्हॉल्ववर. वरच्या मजल्यांचं पाणी या खड्ड्यात अजिबात आणायचं नाही. ते आपल्या उतारानं जातंय, जाऊ दे.

गवंडी आता म्हणेल, पंप नको, नुसता झडपेचा व्हॉल्व टाकू. झडप मिटली की बाहेरचं येत नाही, पण तुमचंही जात नाही. शिवाय केसांचा एक गुंता अडकला की ती पूर्ण मिटतच नाही.

माझ्या दुकानात जळून येणारे असले पंप मी उघडतो. आत काय असतं? शांपूच्या पुड्या, पॅड, एकदा साडीचा वीतभर काठ इम्पेलरला असा गुंडाळलेला की ब्लेडनं कापायला अर्धा तास गेला. भाडेकरू ठेवणार असाल तर हे आधी त्यांना सांगा. वीज गेली तर घरचा इन्व्हर्टर बहुधा ही मोटार उचलत नाही. तळघराच्या नळांना वेगळा कॉक ठेवा आणि वीज नसताना तो बंद करा.

एक राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. आमच्याकडे पावसात जमिनीतलं पाणी फार वर येतं. खड्ड्यासाठी प्लॅस्टिकची टाकी नुसती पुरलीत तर रिकामी असताना ती वर उचलते; खाली काँक्रीटमध्ये जखडा. अंगणात विहीर असेल तर खड्डा तिच्यापासून लांब धरा. आणि खड्डा तुंबला म्हणून कुणालाही आत उतरवू नका. त्यातल्या गॅसनं माणूस मिनिटात जातो, आणि हातानं मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय तसं उतरवणं गुन्हा आहे.

आमच्याकडे पंप अजून बसलेला नाही. पोरं गेली, कट्ट्यावरच्या कमोडला सिमेंटच्या पोत्याचा कागद बांधलाय, शेजारी गणपतीचं मखर ठेवतो. दादा अजून म्हणतो, पाऊसच तसा होता. मी दुकानातला पंप फुकट देतो म्हटलं, तरी नाही.

खर्चाचं विचारलंत. आधी नळी धरून तुमच्या चेंबरच्या झाकणापासून न्हाणीपर्यंत किती फूट भरतं ते इथे लिहा, आणि पाईप किती लांब जाणार तेही. त्याशिवाय पंप किती एचपीचा लागेल हे कुणी सांगत असेल तर तो खपवतोय.