सरकारला एन्क्रिप्शन फोडता येतं का? लातूरहून थोडं सविस्तर

परभणीच्या एका भावाने विचारलंय: व्हॉट्सॲप म्हणतं तुमचे मेसेज कुणीच वाचू शकत नाही, आणि पेपरात तर येतं की पोलिसांनी आरोपीचे चॅट काढले. मग सरकार एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजला लावलेलं गणिताचं कुलूप, फोडतं का? मी लातूरला अठरा वर्षं लॅपटॉप-मोबाईल दुरुस्ती आणि डेटा रिकव्हरी करतो. हाताखालून जे गेलंय त्यावरून सांगतो.

नीट केलेलं एन्क्रिप्शन कुठल्या सरकारनं गणिताच्या जोरावर फोडल्याचं आजवर समोर आलेलं नाही. चॅट मिळतात, हेही खरं आहे.

मागच्या उन्हाळ्यात औशाकडचे एक गुरुजी जळालेला लॅपटॉप घेऊन आले. मी मदरबोर्ड बदलला, मशीन चालू केलं, तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू होतं आणि त्याची किल्ली जुन्या बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या किल्ल्या जपणाऱ्या चिपशी बांधलेली. आत लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो. गुरुजी म्हणाले, "डिस्क तर चांगली आहे ना, बाबा?" डिस्क ठणठणीत होती. एकूण एक सेक्टर वाचता येत होता, पण हाती यायचा तो नुसता कचरा. पुण्याच्या ओळखीच्या लॅबला विचारलं, तिथंही हात टेकलेले. मग विचारलं, मायक्रोसॉफ्टचं खातं कुणी काढून दिलं होतं? मुलानं, तो हडपसरला असतो. त्याला फोन लावला. त्यानं जुन्या ईमेलनं लॉगिन केलं, आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट फोनवर वाचून दाखवले. शेवटचा गट टाकला आणि डेस्कटॉप उघडला.

कुलपाला कुणी धक्काही लावला नाही. किल्ली मुलाच्या खात्यात होती. सरकारी यंत्रणा हेच करतात, फक्त त्यांचे हात लांब असतात.

आता कुलूप किती मजबूत ते बघा. १९७७ च्या डीईएस पद्धतीची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे ५६ शून्य-एकांची रांग होती. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकेतल्या डिजिटल हक्कांच्या संस्थेनं त्यासाठी खास मशीन बांधलं आणि ५६ तासांत किल्ली शोधली. म्हणजे कमजोर एन्क्रिप्शन फुटतं, यात शंका नाही. पण २००१ पासून एईएस ही नवी पद्धत आली, तिची सगळ्यात छोटी किल्ली १२८ बिटांची. सेकंदाला एक अब्ज गुणिले एक अब्ज किल्ल्या तपासणारं मशीन धरा. सगळ्या किल्ल्या तपासून व्हायला सुमारे दहा लाख कोटी वर्षं लागतील, आणि विश्वाचं वय आहे जेमतेम १३८० कोटी वर्षं. इथं पैसा चालत नाही, सत्ताही चालत नाही.

म्हणून सगळे आडवाटेनं जातात. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. देवगिरीचा तो तासलेला कडा, खंदक, अंधारी, सगळं आपण डोळ्यांनी बघितलंय. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन आला तेव्हा कडा चढून कुणी गड घेतला नाही. धान्याची म्हणून वर नेलेली पोती मिठाची निघाली असं सांगतात, आणि रामदेवरायाला तह करावा लागला.

पेपरातले चॅट बहुतेक वेळा असेच मिळतात. फोन जप्त होतो आणि उघडला जातो. तुमचा नाही तर समोरच्याचा, कारण मेसेज दोघांकडं असतो. नाहीतर क्लाउडवरचा बॅकअप, ज्याला वेगळं कुलूप लावलेलंच नसतं. पेगॅसससारखं स्पायवेअर फोनमध्येच शिरतं आणि मेसेज उलगडल्यावर तुमच्या पडद्यावरचंच वाचतं. सगळ्यात मोठा धडा क्रिप्टो एजीचा. स्वित्झर्लंडची ही कंपनी अनेक देशांच्या सरकारांना गुप्त संदेशांची यंत्रं विकायची, भारतालासुद्धा. २०२० मध्ये उघड झालं की १९७० पासून तिची मालकी गुपचूप अमेरिकेच्या सीआयए आणि जर्मन गुप्तचर खात्याकडं होती. कुलूप विकणाराच फितूर, मग फोडायचं कशाला?

कुणी म्हणेल, फोडता येत असेल पण लपवत असतील. मलाही आधी तसंच वाटायचं. पण २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेननं, एनएसए या अमेरिकी हेरगिरी संस्थेसाठी काम केलेल्या माणसानं, बाहेर काढलेली कागदपत्रं बघा. एनएसए एन्क्रिप्शनच्या मानकांमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी ठरवून दिलेल्या पद्धतींमध्ये, कमजोरी घुसवायला, कंपन्यांकडून वाट काढून घ्यायला धडपडत होती. गणित फुटत असतं तर हा खटाटोप कशाला केला असता? आपल्याकडंही २०२१ च्या आयटी नियमांत मेसेज मूळ कुणी पाठवला ते शोधून द्या अशी अट आली. व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलंत तर आम्ही इथून जाऊ.

मला खरी काळजी या मागणीची वाटते. गुन्हेगार पकडायला हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण पोलिसांसाठी ठेवलेलं मागचं दार कुणाच्या पायाला ओळखत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत हेच झालं. कायदेशीर टॅपिंगसाठी टेलिकॉम कंपन्यांमध्ये ठेवलेल्या यंत्रणेपर्यंत चिनी हॅकर पोचले. त्यानंतर अमेरिकेच्याच सायबर सुरक्षा संस्थेनं मोठ्या पदांवरच्या लोकांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शनवाले, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकेल असे, ॲप वापरायला सांगितलं.

क्वांटम संगणकाचं, म्हणजे काही ठरावीक गणितं झटकन सोडवू शकेल अशा नव्या जातीच्या संगणकाचं, कुणीतरी विचारलंच. तो पुरेसा मोठा झाला तर आरएसए ही एन्क्रिप्शनची दुसरी पद्धत पडेल, पण २५६ बिटांच्या किल्लीचं एईएस टिकेल असाच अंदाज आहे. क्वांटमपुढंही टिकावं म्हणून नवी मानकं ऑगस्ट २०२४ मध्ये आली आहेत.

भाऊ, तुम्ही आज एवढं करा. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. फोनला चार आकडी नाही, लांब पासकोड लावा. आणि बॅकअपची किल्ली कागदावर लिहून ठेवा, कारण ती हरवली तर मीही काही करू शकणार नाही. गुरुजींनी ते ४८ आकडे आता सातबाऱ्याच्या फाईलमध्ये लावून ठेवलेत.