‘द्वित्त काढणे’ म्हणावे का?

प्रश्न : प्रोग्रॅमिंगच्या मराठी पाठात ‘रिमूव्ह ॲडजसंट ड्युप्लिकेट कॅरेक्टर्स’ या सरावप्रश्नाला (स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या मालिकेत, लागून आलेली समान अक्षरे कमी करण्याच्या) ‘स्ट्रिंगमधील द्वित्त काढणे’ असे शीर्षक दिले तर चालेल का?

उत्तर : देऊ नये असे माझे मत आहे, कारण दोन्ही शब्द अडचणीचे आहेत. व्याकरणात द्वित्त म्हणजे एका व्यंजनाला तेच व्यंजन जोडणे. जसे ‘रक्कम’मधील ‘क्क’ किंवा ‘गच्ची’मधील ‘च्च’. युनिकोडमध्ये, म्हणजे लिपीतील प्रत्येक चिन्हाला संकेतांक (ठरावीक क्रमांक) देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, ‘रक्कम’ हा शब्द र, क, हलन्ताचे चिन्ह, पुन्हा क आणि म अशा पाच संकेतांकांनी साठवला जातो, त्यामुळे दोन ‘क’ एकमेकांना लागून येतच नाहीत आणि शेजारचे संकेतांक ताडून पाहणारा प्रोग्रॅम तो शब्द जसाच्या तसा परत देतो. याउलट ‘मनन’मध्ये द्वित्त औषधालाही नाही, तरी दोन ‘न’ लागून आल्यामुळे तोच प्रोग्रॅम त्याचे ‘मन’ करून मोकळा होतो. शीर्षकात ‘द्वित्त’ वाचून ‘रक्कम’वर प्रयोग करणारा विद्यार्थी प्रोग्रॅम चुकला असेच समजेल.

‘काढणे’ तर त्याहून फसवे आहे. पहिलीतल्या मुलाला ‘अक्षर नीट काढ’ म्हटले की तो ते लिहितो, पुसत नाही. येथे ‘वगळणे’ बरे.

वगळायचे किती, हेही शीर्षकातून कळले पाहिजे, कारण या नावाखाली दोन निराळे प्रश्न दिले जातात. रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘स्क्वीझ’ किंवा सी++ या भाषेतील ‘युनिक’ ही तयार आज्ञा लागोपाठच्या समान अक्षरांपैकी पहिले ठेवते. स्टॅक (शेवटी ठेवलेले आधी बाहेर येते अशी साठवणीची रचना) वापरून सोडवायच्या प्रकारात मात्र जोडीतील दोन्ही अक्षरे जातात आणि त्यामुळे नव्याने शेजारी आलेली जोडीही जाते. ‘मननम’ दिल्यास आधी ‘नन’ आणि मग ‘मम’ जाऊन हाती रिकामी स्ट्रिंग येते. पहिल्याला ‘लगतच्या समान अक्षरांपैकी एकच ठेवणे’ आणि दुसऱ्याला ‘लगतच्या समान अक्षरांच्या जोड्या वगळणे’ म्हणावे. शीर्षके लांबतात, पण संदिग्ध राहत नाहीत.

उदाहरणे देवनागरी असतील तर ‘अक्षर’ म्हणजे काय तेही पाठात आधी सांगावे. ‘काका’मध्ये आपल्याला ‘का’ लागोपाठ दोनदा दिसतो, म्हणून उत्तर ‘का’ यावे असे वाटते. संकेतांक मोजणाऱ्याला क, काना, क, काना असे चार घटक दिसतात आणि त्यांत लगतची समान जोडी एकही नाही.